चोर्ल्याचा म्हणून फिरणारा तो हिरवा पक्षी

या वेळी सदराचं जरा वेगळं आहे. दर महिन्याला तुमची पत्रं येतात, त्यात साप असतात, गांधीलमाश्या असतात, गच्चीवर घरटं केलेल्या पारव्यांचं काय करायचं हे तर कायमचंच, पण गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांतली न मेसेजांतली अर्ध्याच्या वर एकाच पक्ष्याची आहेत आणि त्याला कारण एक फोटो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मोबाईलवर तो असणार. मला तर अकरा ग्रुपवरून आला, शेवटी बायको म्हणाली की हा पक्षी आता घरातच राहायला आलाय, त्याच्या जेवणाचं काय ते बघा. म्हणून हा महिना त्याचा. पारवेवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत कळ काढावी.

प्रश्न – व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आलाय. हिरवागार पक्षी, पोट लालभडक, मागं हातभर लांब शेपूट. खाली लिहिलंय, "चोर्ला घाटात दिसला दुर्मिळ पक्षी, जास्तीत जास्त शेअर करा." आम्ही चौघं मित्र रविवारी गाडी काढून गेलो पण, दिवसभर फिरलो, माकडं सोडून काय दिसलं नाही. पक्षी खरा आहे का एआयनं केलाय?
– एक वाचक, निपाणी

उत्तर – पक्षी खरा आहे, पत्ता खोटा आहे. त्याचं नाव रिस्प्लेन्डन्ट क्वेत्झल. आपण स्पेलिंग बघून क्वेत्झल म्हणतो, तिकडचे लोक केत्साल म्हणतात. तिकडचे म्हणजे मेक्सिकोचा दक्षिणेकडचा चियापास भाग, ग्वाटेमाला, होंडुरास, निकाराग्वा, कोस्टारिका असं करत खाली पनामाच्या पश्चिम टोकापर्यंत. एवढ्याच पट्ट्यात तो असतोय, आणि तिथंही सगळीकडं नाही, डोंगरावरच्या ढगातल्या जंगलात, साधारण १२०० ते ३००० मीटर उंचीवर. आपला चोर्ला ८०० मीटरच्या आसपास. म्हणजे समुद्र ओलांडून आला तरी त्याला इथं दम लागणार नाही, उलट उकडेल.

ढगातलं जंगल म्हणजे काय हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको, जुलैत कणकुंबीला जाऊन उभं राहिलं की कळतंय, दहा पावलांवरचं झाड दिसत नाही, पाऊस नसताना पानांवरून पाणी ठिबकतंय, बुंध्याला हाताएवढं शेवाळ. फरक एवढाच की आपल्याकडं हे चार महिने, आणि तिकडं थोडंफार वर्षभर. त्यामुळं तिथं झाडांच्या अंगावर दुसरी झाडं, ऑर्किड, नेचे, असं सगळं चढलेलं असतंय आणि त्या ओल्या हिरव्यात हा पक्षी बसला की एवढा देखणा असून चटकन सापडत नाही म्हणतात.

चौघांच्या पेट्रोलचे पैसे वाया गेले असं मात्र समजू नका, का ते खाली जांबोटीच्या पत्रात येतंय.

प्रश्न – सर, मी आठवीत आहे. आमच्या बाई म्हणाल्या की त्या पक्ष्याचा हिरवा रंग हा रंगच नाही. मग काय आहे? आणि त्याची शेपटी मोरापेक्षा मोठी आहे का?
– खानापूर

उत्तर – बाई बरोबर सांगतात. तुझ्या घरी देव्हाऱ्यात किंवा वहीत मोरपीस असेल ना, ते घेऊन खिडकीपाशी जा. आधी उजेड तुझ्या पाठीमागं ठेव आणि पिसाचा डोळा बघ, निळा, हिरवा, सोनेरी, हलवलं की बदलतंय. आता तेच पीस उचलून खिडकी आणि डोळ्याच्या मध्ये धर, म्हणजे उजेड पिसातून तुझ्याकडं आला पाहिजे. कुठं गेला निळा? मळकट तपकिरी दिसेल. कारण पिसात निळा-हिरवा रंग भरलेलाच नाही, आत आहेत काळपट कण, पण ते इतके बारीक आणि इतके शिस्तीत रचलेले असतात की त्यांच्यावरून परत फिरणारा उजेड हिरवा होऊन येतो. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात तसं समज. क्वेत्झलचं पण असंच. एका बाजूनं हिरवा, मान वळवली की निळसर, ऊन पडलं की सोनेरी. पोटाचा लाल मात्र खरा रंग, तो कुठूनही बघितला तरी लालच.

आणि शेपटीचं म्हणशील तर एक गंमत, ती शेपटी नाहीच! मोराचा पिसारा पण शेपूट नसते, शेपटीच्या वर जी झाकणारी पिसं असतात ती वाढलेली असतात. मोर लांडोरीसमोर नाचताना मागून बघितलायस का? मागं आखूड तपकिरी पिसं ताठ उभी असतात, ती खरी शेपूट, पिसाऱ्याला टेकू देणारी. क्वेत्झलच्या नराचं पण तसंच, खरी शेपूट आखूड, काळी-पांढरी, आणि तिच्यावरून सुटलेली लांब हिरवी पिसं. मोराला अशी दीडशेच्या वर असतात, याला खरी लांब म्हणावी अशी दोन, फार तर चार. पक्षी स्वतः ३६ ते ४० सेंटीमीटर, म्हणजे तुझ्या फूटपट्टीपेक्षा थोडा मोठा, वजन पाव किलोच्या आत, आणि मागं लोंबणारी पिसं कधी कधी मीटरभर. मोराचा पिसारा मोठाच, पण मोर पण मोठा. स्वतःच्या दुप्पट लांबीचं काहीतरी मागं बांधून उडायचं हे मोराला पण जमणार नाही. बाईंना नमस्कार सांग.

प्रश्न – एवढी लांब पिसं घेऊन तो घरट्यात बसतो कसा? का नेहमीसारखं बाईलाच बसावं लागतं आणि हे महाशय बाहेर मिरवतात?
– एक गृहिणी, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर – वहिनी, पत्रातला टोमणा पोचला. पण हे महाशय बसतात. अंडी दोन, फिकट निळी, उबवायला साधारण १८ दिवस, आणि नर-मादी पाळी लावून बसतात, दिवसा बराच वेळ नर आणि रात्रभर मादी. घरटं म्हणजे वठलेल्या झाडाच्या बुंध्यातली ढोली, आत जागा ती केवढी. नर आत शिरतो, तोंड बाहेरच्या बाजूला वळवून बसतो आणि ती लांब पिसं पाठीवरून दुमडून भोकातून बाहेर येतात आणि वाऱ्यावर हलत राहतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं झाडाला नेचा फुटलाय. पूर्वी लोकांची समजूत होती की हा पक्षी घरट्याला दोन दारं करतो, पुढून आत जायचं आणि मागच्या दारातून शेपूट बाहेर. छान कल्पना आहे, पण दार एकच असतंय. विणीचा हंगाम संपेपर्यंत पिसं पार घासून चिंध्या झालेली असतात, मग ती गळतात आणि पुन्हा नवी येतात. दरवर्षी.

प्रश्न – मी नाणी-नोटा जमवतो. ग्वाटेमालाच्या नोटेवर हा पक्षी आहे, ठीक आहे, पण त्या पैशाचं नावच क्वेत्झल. असं कसं? आपण रुपयाला मोर म्हणू का?
– एक संग्राहक, संकेश्वर

उत्तर – त्यांच्याकडं उलटं झालंय, आधी पीसच पैसा होतं. मेक्सिकोतल्या जुन्या आझ्टेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेत 'केत्साली' म्हणजे मौल्यवान लांब पीस, आणि त्यावरून पक्ष्याला नाव. डोंगरातल्या मुलखांनी राजाला जो कर भरायचा त्यात ही पिसं असायची, सोन्याच्या बरोबरीनं जेड, म्हणजे एक मौल्यवान हिरवा दगड, आणि पिसं अशी त्यांची मोजदाद. पक्ष्याला मारायला बंदी, धरायचा, लांब पिसं उपटायची आणि सोडून द्यायचा, पुढच्या वर्षी त्याला परत येतात. हिशोबी लोक. कोंबडी न कापता अंडं खाणारे. त्यांच्या एका मोठ्या देवाचं नावच केत्सालकोआत्ल, म्हणजे पिसं असलेला सर्प. नागाला पिसं फुटलेली कल्पना करून बघा, आमच्या बत्तीस शिराळ्याकडच्या पाहुण्यांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, मग त्याला नागपंचमीला धरायचा कसा.

व्हिएन्नाच्या एका म्युझियममध्ये, वेल्टम्युझियम त्याचं नाव, पिसांचा एक भलामोठा मुकुट ठेवलाय, आझ्टेकांच्या मोक्तेझुमा राजाचा म्हणून ओळखला जातो, त्यानंच घातला होता का यावर वाद आहे. त्यात क्वेत्झलची शेकडो लांब पिसं आहेत. वर सांगितलं तसं एका नराला लांब पिसं दोन-चार, म्हणजे त्या एका मुकुटासाठी किती नर धरले असतील तो हिशोब तुम्हीच करा, नोटा मोजायची सवय आहे तुम्हाला. मेक्सिकोवाले तो परत मागतायत, ऑस्ट्रियावाले म्हणतात पिसं इतकी नाजूक झालीत की प्रवासाच्या हादऱ्यात तुटतील.

ग्वाटेमालानं १८७१ मध्ये हा पक्षी राष्ट्रचिन्हावर घेतला, तो झेंड्यावर पण आहे, आणि १९२५ पासून चलनाचं नाव क्वेत्झल. एका क्वेत्झलचे शंभर सेंताव्हो. तुमच्या संग्रहातली नोट बघा, वरच्या बाजूला उडताना दिसेल.

लाल पोटाची पण एक गोष्ट सांगतात. १५२४ मध्ये स्पॅनिश सरदार पेद्रो दे अल्वारादो ग्वाटेमालावर चालून आला तेव्हा किचे माया लोकांचा पुढारी तेकुन उमान लढताना पडला, क्वेत्झल येऊन त्याच्या छातीवर बसला आणि उठला तेव्हा पोट रक्तानं लाल. तेव्हापासून सगळे क्वेत्झल तसे. दंतकथाच आहे, पण खारीच्या पाठीवरच्या रामाच्या बोटांवर वाढलेल्या माणसानं तिच्याकडं हसून बघू नये.

प्रश्न – हा पक्षी पिंजऱ्यात ठेवला तर जीव देतो म्हणतात. खरं का? आणि भारतात कुठं विकत मिळेल?
– गोकाक

उत्तर – स्वातंत्र्याचा पक्षी म्हणून ही गोष्ट तिकडं फार प्रिय आहे, पण पूर्ण खरी नाही. पूर्वी पिंजऱ्यात टिकायचे नाहीत हे खरं, आता मेक्सिकोतल्या तुश्तला गुतिएरेस इथल्या प्राणिसंग्रहालयात त्यांची पिल्लं पण झालीत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कुठंच नाही. आंतरराष्ट्रीय व्यापाराला पूर्ण बंदी असलेल्या यादीत तो आहे. आणि कोण विकतो म्हणाला तर तो एकतर चोर किंवा पोपटाला रंग देणारा. आपला साधा पोपट पाळणं पण कायद्यानं गुन्हा आहे बरं का, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, मिठूवाल्यांनी राग मानू नये.

प्रश्न – तुमच्या फोटोतल्या पक्ष्यासारखा पण शेपूट नसलेला पक्षी आमच्या रानात आहे. पोट लाल. माणूस दिसला की पाठ करून बसतो, कितीही वेळ बसतो. आजोबा म्हणायचे लाजतो. तो हाच का त्याची बाई?
– जांबोटीजवळून, एक शेतकरी

उत्तर – या पत्रासाठी मी बाकीची सगळी उत्तरं लिहायला घेतली असं समजा. तो क्वेत्झल नाही, पण परका पण नाही, सख्खा नसला तरी चुलतभाऊ नक्की. त्याचं नाव मलबारी कर्णा. क्वेत्झल आणि कर्णा एकाच कुळातले, त्या कुळाला ट्रोगॉन म्हणतात. सगळ्या महाराष्ट्र-कर्नाटकाच्या घाटात या कुळाचा हा एकटाच. म्हणजे निपाणीकर चौघं ज्या रस्त्यानं गेले त्याच्या दोन्ही बाजूंना क्वेत्झलचा भाऊबंद बसलेला होता, त्यांच्याकडं पाठ करून.

मी नोकरीनिमित्त काही वर्षं खानापुरात काढली. पहिली दोन वर्षं कर्णा कर्णा ऐकत होतो, दिसला एकदाही नाही. मग एकदा माघातल्या सकाळी कणकुंबीच्या अलीकडं एका गावातल्या मामांबरोबर गेलो, ते मध काढणारे, अनवाणी चालणारे. बांबूची बेटं होती, ऊन अजून खाली उतरलं नव्हतं. मामा थांबले न हनुवटीनं दाखवलं. मला दिसलं काय, तर वेलीवर एक तांबूस-तपकिरी वाळकं पान. पाच मिनिटं मी त्या पानाकडं बघतोय. मग पानानं मान फिरवली, नुसती मान, अंग नाही, घुबडासारखी सावकाश. डोळ्याभोवती निळं कडं, चोच पण निळसर, डोकं कोळशासारखं काळं. मामांनी जिभेनं टक् असा आवाज केला आणि पक्षी उडून समोरच्या फांदीवर बसला तो चुकून आमच्याकडं तोंड करून. काळी छाती, खाली कुणीतरी चुन्याचं बोट ओढावं तशी पांढरी रेघ, आणि तिच्या खालचं सगळं पोट जास्वंदीचं. मग त्याच्या लक्षात आलं असावं, पुन्हा उडाला आणि पाठ.

लाजणं वगैरे काही नाही हो, पण आजोबांनी बघितलेलं शंभर टक्के खरं. पाठ रानाच्या रंगाची आणि पोट पेटलेलं, मग शत्रूला काय दाखवायचं? आणि बसल्या जागी फिरणं त्याला अवघड पण असतंय. पायाची रचना बघा, आपल्या कावळ्या-चिमणीची तीन बोटं पुढं आणि एक मागं, पोपटाची न सुतारपक्ष्याची दोन पुढं दोन मागं. ट्रोगॉनची पण दोन-दोन, पण मागं वळलेलं बोट वेगळं, पोपटाचं बाहेरचं बोट मागं गेलंय आणि यांचं आतलं, असं दुसऱ्या कुठल्याच पक्षीकुळात नाही. पाय आखूड आणि लेचेपेचे, चालणं जवळजवळ नाहीच, फांदीवर तोंड फिरवायचं तरी पंखाचा आधार घ्यावा लागतो. कातडी इतकी पातळ की जुन्या काळी म्युझियमसाठी पक्षी सोलणारे लोक ट्रोगॉन हातात आला की वैतागायचे, ओल्या कागदासारखी फाटते. एवढं सुंदर बाहेरून आणि आत हे.

बाईचं विचारलंय तर कर्ण्याच्या मादीला ना काळं डोकं ना लाल पोट, ती वरून तपकिरी, खालून पिवळसर मातकट. तेव्हा तुम्ही बघता तो नर. लांबी ३१ सेंटीमीटर, त्यातली अर्धी शेपूटच.

एक मोठा फरक मात्र आहे, कर्णा मुख्यतः किडे खातो, नाकतोडे, सुरवंट वगैरे, फळ कधीमधी. क्वेत्झल मोठा झाला की मुख्यतः फळावर, पिल्लांना तेवढे किडे, सरडे, बेडकं.

प्रश्न – मी काजू आणि थोडं बटर फ्रूट लावलंय. वाचलं की हा पक्षी बटर फ्रूट खातो. मग तिकडच्या शेतकऱ्यांना आपल्याकडच्या माकडांसारखा त्रास असणार?
– खानापूर तालुका

उत्तर – बेळगावात ज्यूसवाल्याकडं जे बटर फ्रूट मिळतंय, म्हणजे अवाकाडो, ते त्याच्या घशात जाणार कसं? तो खातो रानटी अवाकाडो, तिकडं त्याला आग्वाकातियो म्हणतात, मोठ्या बोराएवढं फळ, गर थोडा, बी मोठी. उडत येतो, फांदीवर न बसता हवेतच फळ तोडतो, जाऊन बसतो आणि आख्खं गिळतो, मग गर पोटात ठेवून बी ओकून टाकतो. आई झाडापासून लांब, सावलीत, सोललेली बी. याहून चांगली लावणी मजूर लावून पण होणार नाही.

ही सगळी झाडं एकाच कुळातली, आणि त्या कुळाला तुम्ही रोज भेटता. तमालपत्र, दालचिनी, कापूर हे सगळे अवाकाडोचे भाऊबंद. आपल्या घाटात गुळंब म्हणून मोठं झाड आहे, तो तर अवाकाडोच्या फारच जवळचा, त्याची साल उदबत्तीच्या कारखान्यासाठी इतकी सोलली गेली की काही रानांत झाडं उभ्यानं मेली. म्हणजे देवासमोर उदबत्ती लावताना आपण, जाऊ दे.

कोस्टारिकात सान हेरार्दो दे दोता नावाची एक दरी आहे. तिथल्या शेतकऱ्यांनी आधी रान तोडून कुरणं केली, सफरचंद लावलं, ट्राउट मासे पाळले. मग क्वेत्झल बघायला परदेशी लोक यायला लागले, आणि लोकांना कळलं की बांधावरचं रानटी अवाकाडोचं एक झाड राखलं तर फळं पिकल्यावर पक्षी हमखास येतो आणि त्याच्यामागं कॅमेरेवाले. आता तिथं ती झाडं मुद्दाम लावतात. आपल्याकडं दांडेलीला धनेश बघायला मुंबई-बंगळूरची माणसं येतात तसंच. तिथं २०११ मध्ये सरकारनं धनेशासाठी राखीव क्षेत्र पण जाहीर केलं. खरं तर आपल्या रानात क्वेत्झलचं काम करतो तो धनेशच, फळ आख्खं गिळायचं, बी लांब नेऊन टाकायची, आणि राहायला जुन्या झाडाची ढोली.

एक गोष्ट मात्र तिकडच्या लोकांना उशिरा कळली. कोस्टारिकातल्याच माँटेव्हर्देच्या डोंगरावरचं ढगातलं जंगल राखीव केलं, सगळे खूश, पण वीण संपली की क्वेत्झल गायब. १९९०च्या आसपास संशोधकांनी पक्ष्यांवर छोटे रेडिओ ट्रान्समीटर बसवून पाठलाग केला तेव्हा दिसलं की ते फळांच्या मागं डोंगर उतरून खाली जातात, आणि खाली काय, तर लोकांची कुरणं आणि मधे मधे उरलेले जंगलाचे तुकडे. म्हणजे पक्षी वर्षातले काही महिने राखीव हद्दीच्या बाहेर. आपलं भीमगड अभयारण्य १९० चौरस किलोमीटर, धनेशाला त्याची हद्द कुणी सांगितली आहे? तो तुमच्या बांधावरच्या उंबरावर येणारच. वर माँटेव्हर्देत आणखी एक भानगड झाली, हवा तापली तसे खालचे टूकन वर सरकले आणि क्वेत्झलच्या शेजारी घरटी करायला लागले, टूकन म्हणजे दुसऱ्याची अंडी-पिल्लं खाणारे. क्वेत्झल आणखी वर सरकेल, पण डोंगर कुठंतरी संपतो.

प्रश्न – परदेशी पक्ष्याचं कौतुक बास. आपल्या सीमाभागातल्या मराठी माणसानं राज्यपक्षी कुठला मानायचा, हरियाल का नीळकंठ?
– येळ्ळूर

उत्तर – मला कशाला घालताय यात! हरियाल महाराष्ट्राचा, नीळकंठ कर्नाटकचा, आणि शेताकडं सकाळी गेलं तर नीळकंठ विजेच्या तारेवर आणि हरियाल वडाच्या शेंड्याला, दोघं एकाच नजरेत येतात. तुमचा प्रश्न आपल्याकडं साठ-सत्तर वर्षं चाललाय, पक्ष्यांना त्याची तारीख पडलेली नाही.

पण हरियालाबद्दल एक सांगायचंच आहे. फळ खाणारा पक्षी म्हणजे झाडं लावणारा पक्षी असं आपण धरून चालतो, तसं नसतंय. हरियालाच्या पोटात चक्की आहे, उंबर-वडाच्या बारक्या बिया तो दळून खातो, त्यातून उगवणार काय? बिया पेरायच्या त्या धनेशानं, बुलबुलानं, कोकिळेनं. राज्यपक्षी पदासाठी ही अट असती तर निकाल वेगळा लागला असता. चिडू नका, हरियाल माझा पण लाडका.

प्रश्न – आमच्या काजूच्या बागेच्या कडेला एक झाड वठून चार वर्षं उभं आहे. सुतारानं भोकं पाडलीत. भाऊ म्हणतो तोडून जळणाला घेऊ, मला वाटतं राहू दे. काय करू?
– नंदगडजवळून

उत्तर – भावाचं पण ऐकू आणि तुमचं पण. क्वेत्झल काय किंवा कर्णा काय, दोघांची चोच सुताराएवढी कणखर नाही, जिवंत लाकडाला ती लागत नाही, त्यांना लागतं कुजून भुसभुशीत झालेलं खोड. कर्ण्याची जोडी पाळीपाळीनं कोरत महिनाभर लावते तेव्हा कुठं दोन अंड्यांपुरता खळगा होतो. आणि लाकूड जितकं कुजकं तितकं ते लवकर पडणार, म्हणजे दर दोन-चार वर्षांनी नवीन वठलेलं झाड पाहिजे. ते नसेल तर रान कितीही हिरवं असो, फळं कितीही लागोत, घर नाही. तिकडं क्वेत्झलसाठी लोक लाकडी खोके टांगतात ते याचमुळं.

आता तुमचं झाड. गोठ्यावर, वाटेवर किंवा तारेवर पडण्यासारखं असेल तर सरळ उतरवा, पक्ष्यापायी म्हैस मारायची नाही. तसं नसेल तर वरच्या फांद्या भावाला जळणाला द्या आणि बुंधा १२-१५ फूट उभा ठेवा, कर्णा फार उंचावर घर करत नाही, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीचं ठूठ पण त्याला चालतं. पण फांद्या आत्ता दिवाळीच्या आसपास उतरवा, फेब्रुवारी ते मे त्याची वीण असते तेव्हा कुऱ्हाड लांब ठेवायची, आणि पोरांना दम द्या, भोकात काठी घालून बघायचं नाही, आत कधी कधी साप पण असतो हे सांगितलं की पुरतं.

आणि कर्णा आलाच तर फोटो पाठवा. खाली गावाचं नाव मात्र लिहू नका, नाहीतर निपाणीकर गाडी काढतील.